भावाला देवाने क्षमा केली असेल, पण बहिणीच्या ऋणाचं काय?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही तो कळेल. वडील गेल्यावर थोरल्या भावाने 'बँकेच्या कर्जाला तुझीही सही लागते' असं सांगून तुम्हाला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेलं आणि सही घेतली. तो कागद हक्कसोडपत्राचा होता. फेरफार झाला, सातबाऱ्यावरून तुमचं नाव गेलं आणि पुढे जमीन विकली गेली. आता सहा वर्षांनी भाऊ एका प्रार्थनासभेत पालटला. मंडळीपुढे उभा राहून रडला, 'मी उधळ्या पुत्र होतो' अशी साक्ष दिली. मग तुमच्याकडे येऊन म्हणाला, "देवाने मला क्षमा केली, आता तूही कर. नाही केलीस तर तुझ्या पापांचीही क्षमा होणार नाही, मत्तय 6:15 वाच." जमिनीचा विषय त्याने काढलाच नाही. तुम्ही विचारता, शास्त्र खरंच असं सांगतं का, आणि मी 'नाही' म्हटलं तर पापी ठरते का.

मी तीस वर्षं मराठी मंडळ्यांमध्ये पाळक होतो आणि त्यातली बरीच वर्षं जुना करार शिकवला. जमिनीवरून तुटलेली भावंडं मी इतकी पाहिली आहेत की तुमचं पत्र वाचताना मला कुठेच आश्चर्य वाटलं नाही, दुःख मात्र झालं. मत्तय 6:15 हे वचन आहे आणि ते कडक आहे. ते मऊ करून सांगण्याचा मला अधिकार नाही. पण ते ज्याच्यावर अन्याय झाला त्याने देवासमोर एकटं असताना वाचायचं वचन आहे. ज्याने अन्याय केला त्याने ते समोरच्यावर उगारायचं नसतं. अपराध करणाऱ्याला वाचण्यासाठी शास्त्रात वेगळी पानं आहेत. तुमच्या भावाने ती अजून उघडलेली दिसत नाहीत, म्हणून आधी तीच उघडतो.

सुरुवात एका शब्दापासून करावी लागेल. आपण मराठीत 'पश्चात्ताप' म्हणतो, म्हणजे मागाहून होणारा ताप. इब्री भाषेत मनाच्या या तापासाठी 'नाहम' हे क्रियापद आहे. माणसाला निर्माण केल्याबद्दल देवाला वाईट वाटलं, असं उत्पत्तीच्या 6व्या अध्यायात म्हटलंय, तिथे हाच शब्द आहे. पण संदेष्टे जेव्हा लोकांना हाक मारतात तेव्हा बहुतेक वेळा दुसराच शब्द वापरतात: 'शूव'. त्याचा अर्थ परत फिरणे. जुन्या करारात तो हजाराहून जास्त वेळा येतो आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी त्यात धार्मिक असं काहीच नसतं. माणूस वाटेवरून मागे वळतो, गावी परत येतो, एवढंच. यहुदी परंपरेने पुढे पश्चात्तापासाठी जे नाम रूढ केलं, 'तेशुवा', ते याच धातूपासून आलं.

आता लेवीय 6:1-7 काढा. (इब्री प्रतीत हीच वचनं 5व्या अध्यायाच्या शेवटी, 20 ते 26 अशी आहेत. एखाद्या यहुदी मित्राशी बोलताना आकडे जुळले नाहीत तर गोंधळू नका.) नियम असा आहे: कोणी शेजाऱ्याची ठेव दाबली, जुलमाने काही घेतलं, सापडलेली वस्तू लपवली आणि वर खोटी शपथ वाहिली, तर त्याने ती वस्तू परत करावी, वर पाचवा हिस्सा घालावा, ज्याची त्याला द्यावी, आणि मग दोषार्पणाचा मेंढा याजकाकडे आणावा. तिथे 'परत करावी' यासाठी जे क्रियापद आहे ते 'शूव'चंच प्रयोजक रूप आहे. परत फिरणं आणि परत करणं, दोन्ही एकाच मुळातून. मराठीतही तसंच आहे पहा. 'परत येणे' आणि 'परत देणे' यांतला 'परत' एकच. तुमचा भाऊ देवाकडे परत आला, याचा मला मनापासून आनंद आहे. पण लेवीयाच्या भाषेत तो अजून निम्माच परत आलाय.

आणि क्रम पाहा. आधी ज्याची वस्तू त्याला, मग मेंढा देवाला. गणना 5:5-8 मध्ये हाच नियम पुन्हा येतो आणि तिथे आणखी एक गोष्ट घातली आहे: केलेलं पाप कबूल करावं. 'मी पापी आहे' एवढं म्हणून भागत नाही, जे केलं ते बोलावं लागतं. ज्याचं घेतलं तो मेला असेल आणि घ्यायला कोणी जवळचा नातेवाईकही नसेल, तरी ते घेणाऱ्याकडे राहत नाही, याजकाकडे जातं. पैसे ठेवून घेण्याची एकही फट नियमाने शिल्लक ठेवलेली नाही.

तुमच्या भावाच्या साक्षीत जमिनीचा उल्लेख नव्हता, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. योसेफाची गोष्ट आपण रविवारच्या शाळेत रंगीत झग्यापर्यंत शिकतो आणि सोडतो. मोठेपणी ती पुन्हा वाचावी, कारण कबुली आणि पालटणं यांत काय अंतर असतं हे मला तिथे जितकं स्पष्ट दिसलं तितकं दुसरीकडे कुठे दिसलं नाही.

37व्या अध्यायात भाऊ योसेफाला खड्ड्यात टाकतात आणि यहूदा म्हणतो, भावाला मारून काय फायदा, विकून टाकू. वीस रुपयांना विकतात. खड्ड्याच्या त्या प्रसंगात योसेफाच्या तोंडी एकही शब्द नाही, तो ओरडला की रडला ते कळत नाही. ते कळतं 42:21 मध्ये, वीसेक वर्षांनंतर, तेही भावांच्याच तोंडून: तो आपल्याला विनवत होता, त्याच्या जिवाची तगमग आपण पाहिली आणि ऐकलं नाही. दुष्काळात धान्यासाठी ते मिसरात आलेत, आणि समोर उभा असलेला मिसरी अधिकारी म्हणजे योसेफच आहे हे त्यांना ठाऊक नाही. मध्ये दुभाषा आहे, त्यामुळे आपलं बोलणं याला कळत नाही असं ते समजतात. कुणाला दाखवण्यासाठी केलेली ही कबुली नाही. योसेफ बाजूला जाऊन रडतो.

पण तो ओळख देत नाही. इतकी खरी कबुली ऐकूनही देत नाही. दोन अध्याय थांबतो आणि पुन्हा तोच प्रसंग उभा करतो: बापाचा लाडका धाकटा मुलगा, या वेळी बन्यामीन, अडकलाय. बाकीच्यांना सांगितलंय की तुम्ही सुखाने घरी जा. भाऊ टाकून निघून जाण्याची संधी दुसऱ्यांदा आली आहे आणि या वेळी त्यांना बोट लावायचीही गरज नाही. तेव्हा ज्याने विकण्याची कल्पना काढली होती तोच यहूदा पुढे येतो आणि म्हणतो, मुलाच्या बदली मला गुलाम करून ठेवा. योसेफाला त्यानंतर स्वतःला आवरता आलं नाही.

12व्या शतकात इजिप्तमध्ये राहिलेला यहुदी पंडित मोशे बेन मैमोन (रामबाम म्हणून यहुदी लोक त्याला ओळखतात) पूर्ण तेशुवाची व्याख्या करतो ती अशीच: ज्या गोष्टीत पाप केलं तीच गोष्ट पुन्हा हाताशी आली, करण्याची ताकदही आहे, आणि तरी माणूस करत नाही, तेही भीतीपोटी नाही तर पालटल्यामुळे. मंडळीपुढे रडणं खोटं असतं असं मी म्हणत नाही. मी स्वतः वेदीपाशी रडलेलो आहे. पण योसेफाने 42व्या अध्यायातले अश्रू पाहिले आणि तरी 44व्याची वाट पाहिली. त्याला कठोर म्हणायला शास्त्र तयार नाही.

गोष्ट इथेही संपत नाही. त्यांचा बाप याकोब मिसरात 17 वर्षं जगला आणि मेला. बाप जाताच भाऊ घाबरतात. इतकी वर्षं योसेफाच्याच धान्यावर जगलेले हे लोक निरोप पाठवतात की बापाने मरण्याआधी सांगितलंय, भावांचा अपराध क्षमा कर. असं बापाने सांगितल्याचा उल्लेख आधी कुठेही नाही. योसेफ रडतो आणि म्हणतो, भिऊ नका, मी का देवाच्या ठिकाणी आहे? तुम्ही वाईट योजलं, देवाने त्यातून चांगलं केलं. मी तुम्हाला आणि तुमच्या लेकरांना पोसेन. तो त्यांच्या मनाला धीर देतो. 'मी क्षमा केली' हे वाक्य मात्र तो उच्चारत नाही. इब्री बायबलमध्ये क्षमा करण्यासाठी 'सालह' म्हणून एक क्रियापद आहे आणि त्याचा कर्ता सगळीकडे फक्त देव आहे. एकाही माणसाने कुणाला 'सालह' केल्याचं जुन्या करारात नाही. योसेफाने सूड सोडला, भाकरी दिली, प्रेमाने बोलला. हेही क्षमेचंच रूप आहे, आणि त्यासाठी त्याला 'तुम्ही काही केलंच नाही' असं म्हणावं लागलं नाही. उलट 'तुम्ही वाईट योजलं' हे त्याने तोंडावर सांगितलं. ताई, हे वाक्य तुम्हालाही म्हणता येतं, आणि ते द्वेषाचं वाक्य नाही.

तुमचा भाऊ स्वतःला उधळ्या पुत्र म्हणवतो. लूक 15 माझ्या फार जवळचा अध्याय आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. मुलगा बापासाठी एक भाषण पाठ करून येतो, त्यातलं शेवटचं वाक्य 'मला मोलकऱ्यासारखं ठेवा' असं आहे. पण भेट झाल्यावर ते वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही, त्याआधीच बाप झगा आणि अंगठी मागवतो. कृपा आपल्या कबुलीच्याही आधी धावत येते, हा माझा विश्वास आहे आणि तो मी मरेपर्यंत सांगत राहीन. मात्र त्या मुलाने उधळलं ते स्वतःच्या वाट्याचं होतं. 12व्या वचनात बाप मालमत्ता वाटून देतो आणि धाकटा आपला हिस्सा घेऊन जातो. थोरल्याचा हिस्सा शाबूत आहे, बाप त्याला शेवटी सांगतोही की माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे. धाकट्याने भावाच्या सह्या घेऊन त्याचा हिस्सा विकला असता, तर ती गोष्ट येशूला वेगळ्या पद्धतीने सांगावी लागली असती.

तशी वेगळी गोष्ट लूकने चार अध्यायांनंतर दिली आहे. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय. मोशेच्या नियमात मेंढरू चोरून विकणाऱ्याने चौपट भरायचं असतं (निर्गम 22:1). नाथान संदेष्ट्याने गरिबाच्या मेंढरीची गोष्ट सांगितल्यावर दावीद राजा रागाने जो दंड सुनावतो तोही चौपटच. आपणहून कबूल होणाऱ्याला मात्र लेवीयाप्रमाणे मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा एवढंच लागतं. जक्कयाला कोणी पकडलं नव्हतं. तरी तो उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना नाडलं त्यांना चौपट परत करतो, म्हणजे पकडलेल्या चोराचा दर स्वतःला लावून घेतो. 'आज या घराला तारण झालं' हे येशूचं वाक्य त्यानंतरच्या वचनात आहे. येशू त्याच्या घरी आधी गेला, हे खरं. पण घरी येशू आल्यावर जक्कयाचा हात खिशाकडे गेला, हेही तितकंच खरं.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचंही तसंच. 'पश्चात्तापाला शोभेल असं फळ द्या' म्हटल्यावर लोक विचारतात, म्हणजे करायचं काय? लूक 3 मधली त्याची उत्तरं पाहा: दोन अंगरखे असतील तर एक दे, ठरल्यापेक्षा जास्त कर घेऊ नको, कुणाला धमकावून पैसे उकळू नको. एकही उत्तर भावनेबद्दल नाही.

यहुदी परंपरेने हा धागा कसा सांभाळला ते आपल्या मंडळ्यांमध्ये फारसं ठाऊक नसतं, आणि मला त्याची खंत वाटते. कारण आपल्याच कोकणात शेकडो वर्षं मराठी बोलत आलेले बेने इस्राएल लोक राहिले. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाला, ते आपल्या बोलीत 'दारफळणीचा सण' म्हणत, दारं लावून घेण्याचा सण. पांढरे कपडे, उपास, बाहेरच्या जगाशी संबंध बंद. अलिबागकडचे माझे एक बेने इस्राएल स्नेही होते, त्यांनी मला एकदा सांगितलं, "पाळकसाहेब, दार लावायच्या आधी ज्याचं त्याला देऊन टाकायचं असतं. आत बसून मग देवाशी बोलायचं." हे त्यांचं स्वतःचं बोलणं असलं तरी त्यामागे मिश्नाचं एक प्रसिद्ध वचन आहे. मिश्ना म्हणजे साधारण इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेला यहुदी नियमसंग्रह. त्यात योमा या प्रकरणाच्या शेवटी म्हटलंय की माणूस आणि देव यांच्यातल्या पापांचं प्रायश्चित्त योम किप्पूर करतो. माणूस आणि माणूस यांच्यातल्या पापांचं मात्र तो करत नाही, जोवर अपराध करणारा आपल्या सोबत्याची मनधरणी करत नाही. वर्षातला सगळ्यात पवित्र दिवससुद्धा तुमच्या भावाच्या आणि तुमच्यामधला हिशेब परस्पर मिटवू शकत नाही.

त्याच दिवशी दुपारच्या प्रार्थनेत योनाचं पुस्तक वाचतात. निनवेच्या लोकांनी गोणपाट नेसलं, गुरांनाही नेसवलं, उपास केला. पण 3:10 काय म्हणतं? देवाने त्यांची कृत्यं पाहिली, ते आपल्या कुमार्गापासून वळले हे पाहिलं. मिश्नामध्ये अवर्षणाच्या उपासाच्या दिवशी सगळ्यांत वडीलधारा माणूस लोकांना हेच सांगतो: देवाने त्यांचं गोणपाट आणि उपास पाहिला असं लिहिलेलं नाही. या वाक्यावर मी किती उपदेश दिले असतील, मोजलेले नाहीत.

भाऊ म्हणेल, जमीन तर विकली, आता परत कशी करू? यावरही यहुदी पंडितांनी विचार केलेला आहे. चोरलेली तुळई एखाद्याने मोठ्या इमारतीत बसवली असेल तर काय करायचं? घर पाडून तुळई द्यावी, असं मत होतं. मिश्नाने मात्र ठरवलं की तुळईची किंमत द्यावी, घर पाडायला लावू नये, नाहीतर परत फिरू पाहणारा माणूस घाबरून फिरणारच नाही. परत येणाऱ्यासाठी वाट सोपी केली, पण फुकट केली नाही. तुमच्या भावालाही घर पाडावं लागणार नाही. हिशेब करावा लागेल, हप्ते बांधावे लागतील.

आता तुमच्या बाजूकडे येतो, कारण रामबाम आणि मिश्ना दोघेही ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही मोकळं सोडत नाहीत. अपराध्याने देणं चुकतं केलं, येऊन विनवलं, एकदा नाही तर तीनदा मित्रांना घेऊन आला, आणि तरी समोरचा दगडासारखा राहिला, तर दोष आता त्याच्याकडे जातो. क्रूर होऊ नये, असं ते स्पष्ट सांगतात, आणि दाखला देतात अब्राहामाचा. आपल्या बायकोला, सारेला, घेऊन गेलेल्या अबीमलेख राजासाठी अब्राहामाने स्वतः प्रार्थना केली. पण लक्षात घ्या, अबीमलेखाने सारेला परत पाठवलं होतं, वर गुरं आणि रुपंही दिलं होतं.

येशूचं शिकवणं याहून पुढे जातं का? माझ्या समजुतीप्रमाणे काही ठिकाणी जातं, आणि दोन वचनं एकमेकांशेजारी ठेवल्यावर ते दिसतं. लूक 17:3 म्हणतं, भावाने अपराध केला तर त्याला दटाव आणि त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. म्हणजे अट आहे. (पुढच्याच वचनात तो दिवसातून सात वेळा 'परत फिरून' येतो असं म्हटलंय. ग्रीक लिहितानाही लूकच्या कानात तोच 'शूव' आहे असं मला नेहमी वाटतं.) मार्क 11:25 मात्र म्हणतं, प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कुणाविरुद्ध काही असेल तर क्षमा करा. इथे अट नाही, समोरचा माणूस त्या खोलीत नाहीच. मी ही दोन वेगळी कामं मानतो. एक देवासमोर, एकट्याने करायचं: सूड सोडणं, त्याचं वाईट व्हावं ही इच्छा सोडणं. हे तुम्हाला भावाच्या वागण्याची वाट न पाहता सुरू करता येतं, आणि मत्तय 6:15 तुमच्याकडून हेच मागतं. दुसरं काम समेटाचं. ते दोघांचं असतं, आणि एकाने खरं बोलायचं नाकारलं तर दुसऱ्याला ते एकट्याने पुरं करता येत नाही. क्रुसावरसुद्धा येशू 'बापा, त्यांना क्षमा कर' अशी प्रार्थना करतो. खिळे ठोकणाऱ्यांना जवळ बोलावून 'आपलं काही बाकी नाही' असं म्हणत नाही.

मत्तय 18 मधला निर्दय चाकराचा दाखला तुम्हाला ऐकवला जाईल, कदाचित ऐकवलाही असेल. पेत्राने विचारलं होतं, सात वेळा क्षमा करू का? दाखल्यातल्या चाकराचं राजाला देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे सुमारे 6000 दीनार आणि दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. सहा कोटी दिवसांची मजुरी झाली ती, कुणाच्याही हयातीत न फिटणारी. ती सोडली जाते. दुसऱ्या चाकराचं याच चाकराला देणं शंभर दीनार, आणि ते मात्र हा सोडत नाही. उपदेशांत 'चिल्लर' म्हणून ते उडवलं जातं आणि मला ते कधीच पटलं नाही. शंभर दिवसांची मजुरी मजुराच्या घरात चिल्लर नसते. तुमचं नुकसान लहान आहे असं येशू म्हणत नाही. ते मोठंच आहे, आणि देवाने तुम्हाला सोडलेलं त्याहून फार फार मोठं आहे, एवढंच तो म्हणतो. आणखी एक. दाखल्यातले दोन्ही देणेकरी पाया पडून जे शब्द बोलतात ते एकच आहेत: मला वेळ द्या, मी फेडीन. क्षमेवरच्या सगळ्यात प्रसिद्ध दाखल्यातही कुणी देणेकरी 'तुला सोडावंच लागेल' असं म्हणत नाही.

याच अध्यायाविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पाळक म्हणून पहिल्या वर्षांत एक बाई माझ्याकडे आली होती. नवरा मारत असे, मग रडून माफी मागत असे. मी तिला 'सातांच्या सत्तर वेळा' वाचून दाखवलं आणि घरी पाठवलं. महिन्याभरात तिचा हात मोडला. त्या दिवशी मी तिला 18व्या अध्यायाचं 22वं वचन दिलं होतं, 15 ते 17 ही वचनं दिली नव्हती. तिथे येशू सांगतो की अपराध त्याच्या पदरात घाल, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने, तरी नाही तर मंडळीला सांग. क्षमेची मागणी ज्या पानावर आहे त्याच पानावर आधी जाब विचारण्याची रीत आहे. मी पुढे त्या बाईची माफी मागितली. तिने काय केलं हा तिचा विषय आहे. तुमचा पाळक तुम्हाला फक्त 22वं वचन देत असेल तर त्यांना आदराने सांगा की वरची वचनंही वाचू या.

आपण प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणतो तेव्हा म्हणतो, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' क्षमेसाठी तिथे जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ खरोखरच सोडून देणं, जाऊ देणं असा आहे. ताई, तुमच्याकडून एकदा 'सोडून' घेतलं गेलं, कागद काय आहे ते न सांगता. आता दुसऱ्या सोडण्यावरही तशीच घाईने सही मागितली जात आहे. क्षमा अशी घेता येत नाही. तुम्ही ती द्याल तेव्हा काय सोडताय हे डोळे उघडे ठेवून वाचून द्या. काही ऋण तुम्ही खरंच सोडाल, सगळंही सोडाल कदाचित, तो तुमचा अधिकार आहे. पण सोडण्यासाठी आधी ते ऋण आहे हे दोघांनी मान्य करावं लागतं.

कोर्टाबद्दल तुम्ही विचारलंय, 1 करिंथ 6 मुळे. पौल तिथे विश्वासणाऱ्यांनी एकमेकांना न्यायालयात खेचू नये म्हणतो आणि 'त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही?' असंही विचारतो. पण 5व्या वचनात तो विचारतो की भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय, आणि 8व्या वचनात त्याचा खरा राग बाहेर येतो: तुम्हीच अन्याय करता, नाडता, आणि तेही भावांना. म्हणून आधी मंडळीतल्या दोन जाणत्या माणसांना, शक्यतो हिशेब कळणाऱ्यांना, मध्ये बसवा. हाच पौल फिलेमोनाला त्याच्या गुलामाबद्दल, अनेसिमाबद्दल, लिहिताना म्हणतो की त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, आणि हाताने लिहून देतो, 'मी फेडीन.' मध्यस्थ कसा असावा ते त्या छोट्या पत्रातून कळतं. मुदतीचा आणि कागदाचा प्रश्न वकिलाला विचारून ठेवण्यात कुठलंही पाप नाही.

भावाला बोलवाल किंवा लिहाल तेव्हा त्याच्या साक्षीची खिल्ली उडवू नका. ती खरी असण्याची शक्यता आहे आणि खरी असेल तर ती पुढे न्यायला त्याला तुमची मदत लागेल. म्हणा की तू देवाकडे आलास याचा मला आनंद आहे. मी तुझं वाईट चिंतत नाही, आणि ज्या दिवशी चिंतते त्या दिवशी देवापुढे ते कबूल करते. पण त्या दिवशी कार्यालयात काय झालं ते तुझ्या तोंडून मला एकदा ऐकायचंय, आणि जमिनीची रक्कम किती आली ते कागदावर पाहायचंय. त्यानंतर काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते आपण बोलू. तो चिडला तर चिडू द्या, दार लावून घेऊ नका.

आणि तुम्ही लिहिलंय की सहा महिने प्रभूभोजनाला उठत नाही, मन शुद्ध नाही म्हणून जागेवरच बसून राहता. मत्तय 5:23-24 एकदा नीट वाचा. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला कोणी जायचं? ज्याच्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे, त्याने. म्हणजे ज्याच्या हातून काही घडलंय त्याने. गालीलहून यरुशलेमला अर्पण घेऊन आलेल्या माणसाला ते तिथेच सोडून शंभराहून जास्त किलोमीटर मागे चालत जायला सांगणारं ते वाक्य आहे, आणि ते चालणं तुमच्या भावाच्या वाट्याचं आहे. येत्या रविवारी भाकर आणि प्याला पुढे येईल तेव्हा उठा आणि घ्या.